गाडीवर जाणाऱ्याची पिशवी

आमच्या भागात नव्या ओळखीच्या बाईला ‘तुमचे मिस्टर काय करतात?’ असं विचारलं, की बऱ्याचदा एकच उत्तर येतं, ‘गाडीवर आहेत.’ गाडीवर म्हणजे ट्रकवर, हे वेगळं सांगावं लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या उशाशी. पिंपळगाव-लासलगावचा कांदा, निफाडची द्राक्षं घेऊन गाड्या निघतात. चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर करत पळासनेरला राज्याची हद्द ओलांडतात आणि पुढे सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. नाशिकहून दिल्ली साधारण तेराशे किलोमीटर. जायचे तीन-चार दिवस, माल उतरवायचा, परतीचं भाडं मिळेपर्यंत थांबायचं, मग यायचं. घरातला माणूस पंधरा-पंधरा दिवस दिसत नाही.

मैत्रिणींनो, गाडी कोणती, माल कोणता, निघायचं कधी हे मालक आणि ट्रान्सपोर्टवाले ठरवतात. रस्ता सरकारचा, ढाबा दुसऱ्याचा. या सगळ्यात घरच्या बाईचा हात लागतो तो एकाच गोष्टीला, ती म्हणजे निघताना भरलेली पिशवी. ‘त्यात काय मोठंसं? दोन कपडे, टॉवेल, डबा!’ असं आपण म्हणतो. पण गेल्या काही वर्षांत बचत गटांच्या निमित्ताने मी ड्रायव्हरांच्या घरी जाते-येते, त्या बायकांशी बोलते. त्यातून एक गोष्ट कळली. पिशवीत एखादी वस्तू नसली, की त्याची किंमत पुढे सगळ्या घराला मोजावी लागते.

दिवस मोजताना दुप्पट मोजा

आमच्या गटातल्या एका बाईचे यजमान गेली सहा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेतात. एकदा आठ दिवसांत येतो म्हणून निघाले. हिने आठ दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. इंदूरच्या पुढे एका गोदामावर गाडी खाली व्हायलाच चार दिवस गेले. नंतर परतीचं भाडं मिळेना. आठवे दिवशी यायचा माणूस सतराव्या दिवशी आला. मधले नऊ दिवस गोळी नाही. ‘घरी गेल्यावर घेऊ’ असं म्हणत ते थांबले. त्यातच चपलेने पायाला फोड आला होता. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, त्यामुळे त्यांना दुखलंच नाही. घरी आले तेव्हा बोट काळं पडलेलं. ते काढावं लागलं आणि चार महिने गाडी बंद. ती बाई मला म्हणाली, ‘‘ताई, चटणी मी चार दिवसांची जास्तीची दिली होती हो, गोळ्या मात्र मोजून दिल्या.’’

तिचं हे वाक्य मी आता प्रत्येक बैठकीत सांगते. चटणी संपली तर ढाब्यावर मिळते. रोजची गोळी अनोळखी गावात, रात्री अकरा वाजता, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणून पहिला नियम असा, की माणूस जेवढे दिवस सांगेल, त्याच्या दुप्पट दिवसांची औषधं द्यायची. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स ठेवायची आणि तिचा फोटो त्याच्या मोबाइलमध्येही काढून ठेवायचा. गोळ्या एकाच ठिकाणी ठेवायच्या नाहीत. निम्म्या पिशवीत, निम्म्या केबिनमधल्या कागदांच्या फाइलजवळ. एक पिशवी चोरीला गेली तरी दुसरी राहते.

औषधांचा डबा

घरात रिकामा झालेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतोच. तो धुऊन, वाळवून त्यात हे भरा : ताप-अंगदुखीची गोळी, मीठ-साखरेच्या तयार पावडरीची (ओआरएस) पाच-सहा पाकिटं, जंतुनाशक मलम, कापूस, गॉजपट्टी, चिकटपट्टी, छोटी कात्री, पित्ताची गोळी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळायचं असतं. अर्ध्या ग्लासात घट्ट कालवून प्यायचं नसतं, हे घरीच सांगून ठेवा. पाकीट नसलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा.

सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांबद्दल थोडं सावध राहा. आपण घरात ‘ही घ्या, बरं वाटेल’ म्हणून जी गोळी देतो, त्यातल्या अनेक गोळ्यांनी झोप येते. खोकल्याच्या काही औषधांनीही गुंगी येते. घरात अंथरुणावर पडायला हरकत नाही, पण स्टिअरिंगवर? म्हणून औषध घेताना दुकानदाराला किंवा डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, ‘‘घेणारा माणूस गाडी चालवतो.’’ एवढं सांगितलं, की ते बऱ्याचदा दुसरी गोळी देतात.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाची वेळ चुकवली तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची, तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग काहीतरी पोटभर खायचं आणि पूर्ण बरं वाटल्यावरच गाडी हलवायची. साखरेची पुडी ड्रायव्हरच्या हाताशी हवी, पिशवीच्या तळाशी नको. क्लीनर पोरालाही हे माहीत पाहिजे.

चष्मा असेल तर जुन्या नंबरचा नव्हे, चालू नंबरचाच दुसरा चष्मा द्या. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, त्यात चष्मा फुटला तर माणूस अंदाजाने गाडी हाकतो.

काय बांधून द्यावं?

इथे आपल्या आजी-पणजी आपल्यापेक्षा हुशार होत्या. बैलगाडीने पंढरपूरला जाताना त्या जे बांधून घेत, तेच आज ट्रकमध्येही टिकतं. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या दोन-तीन दिवस जातात. सोलापूरकडची कडक भाकरी तर नीट वाळवली तर कित्येक दिवस टिकते. ज्वारीची असो वा बाजरीची, पापडासारखी पातळ थापायची आणि पार कडक होईपर्यंत भाजायची. ढाब्यावर गरम वरण घेतलं, त्यात ती चुरली, की जेवण झालं. सोबत शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची, लसणाची कोरडी चटणी. कांदा-लिंबू तर गाडीत असतंच.

भाजलेले चणे-शेंगदाणे, गूळ, भडंग, राजगिऱ्याचे लाडू, खारीक हे हाताशी ठेवायचं खाणं. याचा उपयोग पोट भरण्यापुरता नाही. रात्री झोप उडवायला बरेच ड्रायव्हर तंबाखू, गुटखा तोंडात धरतात. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तो कसा मिळतो हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. ‘खाऊ नका’ म्हटल्याने कुणी सोडत नाही. तोंडाला दुसरं काही चघळायला असलं तर निदान चार पुड्या कमी होतात. आमच्या गटातली एक जण बडीशेप, भाजका ओवा, जवस आणि सैंधव एकत्र करून डबी भरून देते. तिचा नवरा आता ती डबी स्वतःहून मागतो.

पाण्याचा वीस लिटरचा झाकणाचा कॅन गाडीत हवाच. बरेच ड्रायव्हर लघवीला थांबावं लागतं म्हणून पाणीच कमी पितात. त्यातून मुतखडा, मूळव्याध, लघवीची जळजळ. हे दुखणं ते बायकोलाही सांगत नाहीत. लाज बाजूला ठेवून तुम्हीच विचारा.

गाडीत स्वयंपाक करणारे शेगडी आणि छोटा सिलिंडर नेतात. घरचं अन्न खाता येतं, पैसे वाचतात. फक्त एक पथ्य पाळायचं. शेगडी गाडीबाहेर, मोकळ्यावर पेटवायची. बंद केबिनमध्ये कधीच नाही.

झोप हीसुद्धा शिधाच

एक पातळ गादी, दोन चादरी, उशी, मच्छरदाणी. हे चैनीचं सामान नाही. मच्छर चावून रात्रभर जागलेला माणूस सकाळी चाळीस टनांची गाडी चालवणार असतो. केबिनमध्ये मच्छर अगरबत्ती लावून झोपू देऊ नका, धूरही वाईट आणि आगीची भीतीही. मच्छरदाणी बरी. खिडकीला लावायला जाड कापडाचा पडदा शिवून द्या, म्हणजे दुपारी उजेडातही डोळा लागतो.

मध्यरात्रीनंतर दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत माणसाचं शरीर आपोआप झोपेकडे झुकतं. चहा पिऊन, तोंडावर पाणी मारून ते थोडा वेळच लांबतं. वारंवार जांभया, डोळे जड होणं, गाडी पट्ट्याबाहेर सरकणं, ‘मागचं गाव कधी गेलं?’ हे न आठवणं, या झोपेच्या खुणा आहेत. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटं पडणं हाच उपाय. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. रस्त्यावर ते किती पाळलं गेलं, ते ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे पाहिलं की कळतं.

तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या काही पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हरांसाठी झोपण्याची, आंघोळीची सोय केली आहे. आपल्या माणसाच्या रस्त्यावर ती कुठे आहे, हे त्याला विचारून घ्यायला लावा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन हवी. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावतील. तोवर भिजवलेला पंचा, सुती बनियन आणि पाण्याचा कॅन हाच आपला एसी!

फोनबद्दलही बोलू. आपण घरून काळजीने दहा वेळा फोन करतो. तो गाडी चालवताना उचलतो. त्यापेक्षा वेळ ठरवून घ्या. सकाळी चहाला थांबल्यावर आणि रात्री जेवायला थांबल्यावर त्याने करायचा. घरातलं भांडण, शाळेची फी, सासूबाईंची तक्रार त्याला स्टिअरिंगवर ऐकवू नका. मुलांनाही हे शिकवा.

कागदांची फाइल

गाडीचं आरसी बुक, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स, मालाची बिल्टी आणि बिल. एका प्लॅस्टिकच्या चेनच्या फाइलमध्ये. लायसन्स, आरसी वगैरे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवले तरी चालतात. पण मोबाइलची बॅटरी संपली तर काय? म्हणून कागदही हवेत आणि चार्जिंगसाठी पॉवर बँकही.

मालवाहू गाडीच्या लायसन्सचं नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी करावं लागतं, धोकादायक माल नेणाऱ्याचं तीन वर्षांनी. ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर तुम्ही लिहून ठेवा. दुधाचा, गॅसचा हिशेब आपण ठेवतोच की!

‘ई-वे बिल’ हा शब्दही ऐकून ठेवा. पन्नास हजारांवरचा बहुतेक माल नेताना ते लागतं. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. ताज्या कांद्या-द्राक्षांना ते लागत नाही, पण परतीच्या मालाला बहुधा लागतं. दिल्लीहून नाशिकला येताना तेराशे किलोमीटरला सात दिवस मिळतात. गाडी बिघडून मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. ते ट्रान्सपोर्टवाल्याने करायचं असतं, ड्रायव्हरने फक्त वेळेवर कळवायचं. न कळवल्यामुळे गाडी अडकली, की भुर्दंड कुणाच्या पगारातून जातो, हे तुम्ही जाणताच.

गाडीतलं सामान

हे खरं तर मालकाचं काम. तरी निघताना ‘आहे ना?’ असं विचारायला काय जातं? जॅक, पाना, हवा भरलेली स्टेपनी, जास्तीचे बल्ब आणि फ्यूज, फॅन बेल्ट, दोर, ताडपत्री, चांगली बॅटरी. गाडी रस्त्यात बंद पडली तर मागे ठेवायचा लाल चमकणारा त्रिकोण. चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे. अनेकदा चाकाला दगड लावतात आणि गाडी निघाली की दगड तिथेच राहतो. रात्री त्याच दगडावर कुणाची तरी मोटरसायकल जाते. तीही कुणाच्या घरचीच. ठोकळा असला तर तो उचलून परत गाडीत ठेवला जातो.

रात्री गाडीखाली उतरून काम करताना अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवं. बाजारात ते फार महाग नसतं.

ऋतू बघून पिशवी

आपल्याकडे जानेवारीत शाल पुरते. ग्वाल्हेर-आग्र्याला पुरत नाही. स्वेटर, कानटोपी, मोजे, जाड रग द्यायलाच हवा. कारण थंडीने कुडकुडणारी माणसं केबिनमध्ये निखाऱ्यांची शेगडी घेऊन काचा बंद करून झोपतात. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, त्याचा त्रास कळतही नाही. माणूस झोपेतच जातो. ही गोष्ट आपल्या माणसाला एकदा नाही, दर हिवाळ्यात सांगा. तिकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं इतकं असतं, की समोरची गाडी दिसत नाही. तेव्हा उजाडेपर्यंत थांबलेलं बरं. चार तासांचा उशीर परवडतो.

उन्हाळ्यात ओआरसची पाकिटं, टोपी, पंचे वाढवा. पावसाळ्यात कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधा आणि पायाच्या बोटांत चिखल्या होतात म्हणून पावडर द्या.

बोलायला अवघड, पण बोलायलाच हवं

हे लिहिताना लेखणी थोडी अडखळते. पण मी एचआयव्हीग्रस्त बायकांच्या घरी गेले आहे. ज्यांनी आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणाकडे पाहिलं नाही, अशा बायका. महिनोन् महिने घरापासून लांब राहणारा माणूस चुकू शकतो. सगळेच चुकतात असं मुळीच नाही, आणि ट्रकवाला म्हटलं की बोट दाखवायचं हेही बरोबर नाही. पण ‘आमचे तसे नाहीत’ एवढ्या विश्वासावर स्वतःचा जीव टांगून ठेवू नये. औषधांच्या डब्यात निरोध ठेवणं म्हणजे नवऱ्याला परवानगी देणं नव्हे. आणि घरी आल्यावर त्याच्या वापराचा आग्रह धरणं, दोघांनी तपासणी करून घेणं, हा बायकोचा हक्क आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते, माहिती गुप्त ठेवली जाते. एआरटी औषधं देशात २००४ पासून मोफत मिळतात आणि नियमित घेतली तर माणूस पुष्कळ वर्षं चांगलं जगतो. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. बोलायला मैत्रीण नसेल तर हा नंबर तरी लिहून ठेवा.

एक कार्ड खिशात, एक घरात

पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या. त्यावर ठळक अक्षरांत नाव, गाव, रक्तगट, आजार, चालू औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरचे दोन नंबर आणि मालकाचा नंबर. लॅमिनेट करून शर्टाच्या खिशात. मोबाइलला लॉक असतं, पुठ्ठ्याला नसतं.

अपघात झाला तर ११२, आपल्या राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. परक्या राज्यात आपला माणूस पडला आणि कुणी आधी पैसे भरा म्हणालं, तर ही योजना आहे हे आपल्याला माहीत हवं.

विम्याचंही बघा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघाती मृत्यूला दोन लाख देतो. ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख देतो, तो मात्र १८ ते ५० या वयातच काढता येतो. अशुभ बोलतेय असं वाटेल. पण कुंकवाला जपायचं म्हणजे नुसते उपास करायचे असं नाही. बँकेत जाऊन फॉर्म भरायचा, वारसाच्या रकान्यात आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते बघायचं, हेही त्यातलंच.

कात्रण करून दाराला चिकटवा

१. रोजची औषधं, सांगितलेल्या दिवसांच्या दुप्पट, दोन ठिकाणी
२. औषधांचा डबा, डॉक्टरांची चिठ्ठी, साखरेची पुडी
३. दुसरा चष्मा
४. दशमी, कडक भाकरी, कोरड्या चटण्या, चणे-शेंगदाणे, गूळ
५. वीस लिटर पाणी
६. चादरी, मच्छरदाणी, खिडकीचा पडदा
७. ऋतूप्रमाणे रग-स्वेटर, पंचे किंवा कोरडे कपडे
८. कागदांची फाइल, पॉवर बँक
९. लाल त्रिकोण, लाकडी ठोकळे, बॅटरी, चमकपट्टीचं जाकीट
१०. साबण, दाढीचं सामान, टॉवेल, टॉयलेटसाठी छोटी बादली
११. पैसे, निम्मे पाकिटात, निम्मे दुसरीकडे
१२. खिशातलं कार्ड

एकदा भरली, की दर फेरीला फक्त संपलेलं भरायचं, पाऊण तासाचं काम आहे. आणि हो, पिशवी भरताना त्याला शेजारी बसवा. कुठे काय ठेवलंय ते त्याला माहीत हवं. रात्री दोन वाजता, अंधारात, घाटात त्याला ते एकट्याला शोधायचं असतं.